शरीराचा पहारा

एखाद्या बाईला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला, की लोक तिच्या चालीवर बोट ठेवतात. आमच्या वस्तीतही हेच झाले. आम्ही महिला मंडळाच्या बायका तिच्यासोबत आळीपाळीने इस्पितळात जात होतो. तिथे डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारले.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी ते शोधून काढले, त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना कधी ना कधी लागतोच. एकाच नवऱ्याशी नांदणाऱ्या बाईलाही लागतो. मग सगळ्यांना कॅन्सर का होत नाही? कारण शरीराचा पहारा जागा असतो. दहांपैकी नऊ जणींचे शरीर दोनेक वर्षांत त्याला हाकलून लावते, त्यांना पत्ताही लागत नाही. पण हा चोर लबाड आहे. तो रक्तात उतरत नाही, ताप आणत नाही, वरच्या त्वचेतच दबून बसतो. त्यामुळे काही जणींच्या शरीराला तो उमगतच नाही. एचआयव्ही झालेल्या बाईला तर धोका सहापट, कारण तिच्या पहारेकरी पेशीच घटलेल्या असतात. यात चालीचा संबंध कुठे आला? आणि नवऱ्याला कोणीच का विचारीत नाही?

लागण झाल्यापासून कॅन्सर व्हायला साधारण १५ ते २० वर्षे जातात, प्रतिकारशक्ती दुबळी असेल तर ५ ते १०. म्हणजे गाठायला वेळ मिळतो. टाटा इस्पितळाने १९९८पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दर दोन वर्षांनी बायका तपासल्या. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावी शिकून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावायचे, बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. एवढ्यावर या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

मुलींसाठी लसही आहे. पुण्यात तयार होणारी लस २०२३ साली आली. ९ ते १४ वयात ती घेतली, तर चोर येण्याआधीच पहारेकऱ्याला त्याची ओळख होते. आधीच घरात शिरलेल्याला मात्र ती बाहेर काढीत नाही, म्हणून आम्हा आयांना तपासणीच करावी लागते.

गेल्या महिन्यात आम्ही सात जणी सरकारी दवाखान्यात जाऊन आलो. दोघींना पुन्हा बोलावले आहे. त्यांतल्या एकीचा नवरा रजा टाकून सोबत जाणार आहे.