चिवचिवणारे यंत्र आणि खबऱ्या कवी

पंक म्हटले की आपल्याला लंडन आठवते: सेफ्टी पिना, उभे केलेले केस आणि भविष्यच उरले नसल्याची ओरड. मित्रहो, पूर्व जर्मनीतल्या पंक पोरांची तक्रार नेमकी उलटी होती. त्यांचे भविष्य शासनाने आधीच आखून ठेवले होते, शाळेपासून निवृत्तीपर्यंत.

तिथे जाहीर कार्यक्रम करायचा तर सरकारी समितीपुढे वाजवून परवाना मिळवावा लागे. गीतांचे शब्दही तपासले जात. पंक मंडळी सहसा त्या वाटेला गेली नाहीत. काही प्रॉटेस्टंट चर्चनी त्यांना जागा दिली, आणि देवाशी फारसे देणेघेणे नसलेली ही पोरे चर्चमध्ये गाऊ लागली.

१९७९ मध्ये ड्रेस्डेनच्या काही तरुण चित्रकारांनी एक बँड काढला. पाऊल क्ले यांच्या चित्रावरून त्याचे नाव ठेवले ‘त्स्विचरमशीन’, म्हणजे चिवचिवणारे यंत्र. कोर्नेलिया श्लाइमे त्यात होती. कवी साशा अँडरसन तिथे गीते लिही आणि गाई. त्यांचे ध्वनिमुद्रण सीमेपलीकडे गेले आणि १९८३ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये तबकडी निघाली. तिच्या दुसऱ्या बाजूला एरफुर्टजवळचा ‘श्लाइमकाइम’ हा बँड होता. पकडले जाऊ नये म्हणून त्याने खोटे नाव घेतले होते.

त्या खोट्या नावाचा उपयोग शून्य. या उद्योगात पुढाकार घेणारा अँडरसनच श्टाझी या गुप्त पोलीस खात्याचा खबऱ्या होता! ऑक्टोबर १९९१ मध्ये ब्यूखनर पुरस्कार स्वीकारताना गायक-कवी वोल्फ बीरमान यांनी हे भर भाषणात उघड केले.

कवी वेगळा, कविता वेगळी, असे एरवी मीही तोऱ्यात म्हणतो. ही तबकडी ऐकताना ते जमत नाही. कविता वाईट म्हणून नव्हे. ती आजही अंगावर येते. पण ती ज्या विश्वासावर उभी होती, त्याच विश्वासाचे तो अहवाल लिहीत होता. कवितेतले कोणते शब्द तेव्हा त्याचे स्वतःचे होते?

श्लाइमेवर १९८१ मध्येच प्रदर्शनबंदी आली होती. १९८४ मध्ये तिने देश सोडला. पुढे स्वतःची फाइल हाती आल्यावर तिने तिच्यातली पाने मोठी करून घेतली. श्टाझीने तिच्याविषयी जे लिहिले होते, ते खरेच घडत असल्यासारखी सोंगे घेऊन तिने छायाचित्रे काढवली आणि १९९३ मध्ये ती त्याच पानांवर चिकटवली.