गोदामातल्या उड्या

छोट्या दोस्तांनो, सर्कशीतला झोक्यांचा खेळ पाहिलाय ना? खेळ संपला की कलाकार वरून खालच्या जाळीत उडी घेतात आणि टुणकन पुन्हा वर उसळतात. आपल्यालाही अशी जाळी मिळाली तर काय मज्जा, असं तुम्हाला वाटलंच असेल! अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जॉर्ज निसेनलाही तस्संच वाटलं. १९३४च्या सुमारास लॅरी ग्रिसवोल्ड या जोडीदाराबरोबर त्यानं लोखंडी चौकटीवर जाड कापड ताणून बसवलं. हेच आपलं ट्रॅम्पोलिन!

आता चला त्याच देशातल्या लास वेगासला. हे शहर नेवाडाच्या वाळवंटात आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर! बाहेर खेळायची सोयच नाही. इथे २००४ साली रिक प्लॅट यांनी एका मोठ्या इमारतीत ट्रॅम्पोलिनला ट्रॅम्पोलिन जोडून अख्खी जमीनच उसळती केली. त्यांना त्यावर एक नवा सांघिक खेळ सुरू करायचा होता. तो काही चालला नाही. पण आजूबाजूची पोरं नुसत्या उड्या मारू द्या म्हणून मागे लागली. प्लॅटसाहेबांनी तिकीट लावलं, आणि त्यातूनच 'स्काय झोन' ही पार्कांची साखळी उभी राहिली.

या धंद्याचं गणित सोपं आहे. उंच छपराचं गोदाम भाड्यानं घ्यायचं. तिकीट वेळेवर लावायचं. पाय घसरू नयेत म्हणून खास मोजे विकायचे. शिवाय वाढदिवसाच्या पार्ट्या आहेतच!

पण थांबा. अशी लाट अमेरिकेत आधीही येऊन गेली होती. १९६०च्या सुमारास जमिनीत खड्डे खणून, त्यांवर ट्रॅम्पोलिन ताणून 'जंप सेंटर' निघाली. गर्दी उसळली, पण हात-पाय, मानही मोडू लागली. विमा महागला आणि थोड्याच वर्षांत ती केंद्रं बंद पडली.

असं का झालं असेल? समजा, एकाच ट्रॅम्पोलिनवर तुम्ही आणि तुमचा दणकट दादा उड्या मारताय. दादा खाली दाबतो तो जोर तुमच्या पायांखाली येतो आणि तुम्ही भलतीकडेच फेकले जाता! अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही हेच बजावतात. बहुतेक दुखापती अनेकजण एकत्र उड्या मारताना होतात, आणि सर्वांत जास्त धोका असतो सर्वांत लहानग्याला.

अशी पार्कं आता मुंबई-पुण्यातही आहेत. आत शिरण्यापूर्वी आई-बाबांना एका कागदावर सही करावी लागते. आई-बाबा, तो कागद नीट वाचा बरं का! आणि दोस्तांनो, तुम्ही दोनच गोष्टी ध्यानात ठेवा: एका चौकोनात एकच जण, आणि शिकल्याशिवाय कोलांटउडी नाही. मग मारा खुशाल उड्या!