शुश्रूषेचे ऋण

इस्पितळाची पायरी चढताना मनुष्याच्या मुखी देवाचे नाव असते. उतरताना हाती बिल असते. या दोहोंच्या मधल्या काळात ज्यांनी आपले माणूस सांभाळले, त्यांची आठवण घरी परतून चार दिवस लोटल्यावर होते, आणि मग घरात प्रश्न निघतो की, त्यांना द्यावे तरी काय? हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आमच्या घरी तो नुकताच उपस्थित झाला. त्यावर जो खल झाला आणि त्यातून जे निष्पन्न झाले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझे धाकटे बंधू आतड्यास पीळ पडल्यामुळे पुण्यातील एका मोठ्या इस्पितळात १९ दिवस होते. तातडीची शस्त्रक्रिया झाली, रक्ताच्या ३ पिशव्या चढवाव्या लागल्या, पहिले ६ दिवस अतिदक्षता विभागात गेले. ईश्वरकृपेने ते बरे होऊन घरी आले. त्यानंतर एका रात्री जेवणे आटोपल्यावर आमची कुटुंबसभा भरली. धाकट्या भावजयीचे म्हणणे पडले की, डॉक्टरांस चांदीचा पेला द्यावा. पुतण्या म्हणाला, दुकानातून सुक्या मेव्याची सजविलेली टोपली मागवू. माझी सून व्यवहारी. तिच्या मते पाकिटात रोख रक्कम घालावी, म्हणजे ज्याला जे हवे ते तो घेईल. सर्वांचे बोलून झाल्यावर आमच्या ८८ वर्षांच्या मातोश्रींनी एवढेच विचारले, “पण द्यायचे कुणाकुणाला? नावे सांगा पाहू.”

सभा निःशब्द झाली. डॉक्टरांचे नाव सर्वांस ठाऊक होते. बाकी सर्व ‘सिस्टर’, ‘मावशी’ आणि ‘मामा’. नावे निघाली ती अंथरुणावर पडलेल्या बंधूंच्या तोंडून. भेटीस जाणाऱ्या आम्हां धडधाकट माणसांना जे दिसत नव्हते, ते निजलेला रोगी पाहत होता. त्यांनी एकेक नाव आणि त्या नावापुढे एकेक काम सांगितले. रात्रपाळीच्या परिचारिकेने पाठीस जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली. श्वास ओढून तीन चेंडू वर उचलण्याचे जे साधन असते, ते एका तरुण मुलीने रोज त्यांच्याकडून, कधी गोडीने तर कधी दटावून, करवून घेतले. क्ष-किरणाच्या खोलीकडे चाकाच्या खुर्चीतून नेताना उंबऱ्याचा धक्का टाक्यांना बसू नये म्हणून मामा दर वेळी खुर्ची उलटी फिरवून नेत. अंग पुसताना एक मावशी पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घालून पाही.

मी आयुष्यभर मुलांना संस्कृत शिकविले. त्यामुळे शब्दांची फोड करण्याची खोड जात नाही. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. शब्दात देण्याचा उल्लेखच नाही, जाणण्याचा आहे. कोणी काय केले हे ज्याला ठाऊक नाही, त्याने टोपली कितीही मोठी नेली तरी तो उदार ठरेल, कृतज्ञ ठरणार नाही. ‘शुश्रूषा’ शब्दही असाच बोलका आहे. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, या धातूच्या इच्छादर्शक रूपापासून तो सिद्ध झाला; मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, पुढे सेवा. मध्यरात्री कण्हण्याचा आवाज ऐकून जी उठून येते, तिच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

आता रोख रकमेविषयी. बंधूंच्या शेजारच्या खाटेवर एक वृद्ध शेतकरी होते. सोबतीस एकटा मुलगा. पलीकडच्या खाटेवरील रोग्याच्या नातलगांनी पहिल्याच दिवशी एका सेवकाच्या हातात नोट सरकविली. देणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल. परंतु त्या मुलाने ते पाहिले, आणि सायंकाळी मला दारापाशी गाठून हळूच विचारले, “गुरुजी, इथे किती द्यावे लागतात?” त्याच्या खिशात परतीच्या गाडीभाड्यापुरते पैसे होते. आपण दिलेल्या नोटेची किंमत अशी शेजारचा गरीब भरतो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांत परतफेडीच्या आशेने दिलेले दान राजस म्हटले आहे. आजार चालू असताना दिलेल्या भेटीस ही आशा चिकटतेच. म्हणून पहिला नियम असा की, द्यायचे ते रोगी घरी आल्यावर, उघडपणे, आणि रोख कधीही नाही. कायदाही याच बाजूस आहे. सरकारी इस्पितळातील सेवकवर्गाला १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांचे बंधन आहे. आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ मधील दुरुस्तीनंतर कामासाठी गैरवाजवी लाभ देणाराही शिक्षेस पात्र होतो. खाजगी इस्पितळांचे आपापले नियम असतात. तेव्हा आधी अधिसेविकेस विचारून घ्यावे, यात कमीपणा नाही.

दुसरा नियम वाटणीचा. इस्पितळाचे काम तीन पाळ्यांत चालते. सकाळी नेलेला पेढ्यांचा पुडा दुपारीच संपतो, आणि जिने खरी रात्र जागविली तिच्या वाट्यास रिकामा खोका येतो. म्हणून आम्ही तीन पुडे वेगळे बांधून त्यांवर पाळ्यांची नावे घातली. मातोश्रींची इच्छा घरच्या बेसनाच्या लाडवांची होती. परंतु घरी केलेले पदार्थ घेण्यास पुष्कळ ठिकाणी संकोच करतात, आणि मधुमेही कोण आहे हेही ठाऊक नसते. शेवटी बंद पुड्यातील बाकरवडी आणि खजूर यांवर एकमत झाले. फुले नेली नाहीत. अतिदक्षता विभागात ती बहुधा चालत नाहीत. त्याशिवाय कक्षासाठी चहाचा एक मोठा थर्मास आणि डझनभर साधी पेने दिली. परिचारिकेच्या खिशातील पेन डॉक्टर नेतात व ते परत येत नाही, ही माहितीही बंधूंचीच. चांदीचा पेला रहित झाला. ज्या वस्तूने घेणाऱ्यास अवघडल्यासारखे होते, ती भेट नव्हे, ओझे होय.

तिसरी गोष्ट पत्राची, आणि माझ्या मते तीच मुख्य. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे एक पत्र लिहिले. त्यात प्रत्येकाचे नाव, पाळी आणि त्याने केलेले काम नेमक्या शब्दांत घातले. ‘सर्व कर्मचाऱ्यांचे आभार’ असे मोघम वाक्य कोणाच्याच पदरी पडत नाही. ‘खुर्ची उलटी फिरवून नेली’ हे वाक्य मात्र ज्याचे त्याला पोहोचते. तक्रारीची पत्रे वरिष्ठांकडे नित्य जातात. गुणाचे पत्र क्वचित. दोघी परिचारिका केरळच्या होत्या. त्यांच्यासाठी सुनेने तोच मजकूर इंग्रजीत लिहून दिला. पाकिटात घालायची म्हणून जी रक्कम काढली होती, ती आम्ही इस्पितळाच्या निर्धन रुग्ण निधीत पावती घेऊन भरली. महाराष्ट्रातील धर्मादाय इस्पितळांना असा निधी ठेवावा लागतो, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

एक ऋण मात्र उरलेच. ज्यांचे रक्त बंधूंच्या अंगात गेले, त्या तिघांची नावे बंधूंसही ठाऊक नाहीत, आणि कधी कळणारही नाहीत. ज्याने आपल्यावर कसलाही उपकार केला नाही अशास दिलेले, ते सात्त्विक दान, असे त्याच अध्यायात म्हटले आहे. त्याचा याहून स्वच्छ दाखला मला आढळला नाही. याची फेड त्याच प्रकारे करणे एवढेच हाती होते. माझे वय ६५ च्या पुढे गेल्याने मला रक्त देता येत नाही. दोन्ही पुतणे आणि सून यांनी दिले, आणि पुतण्यांनी पुढची तीन महिन्यांनंतरची तारीख दिनदर्शिकेवर मांडून ठेवली.

सारे पोहोचते करण्यास बंधू स्वतःच काठी टेकीत गेले. आम्ही नको म्हणत होतो. त्यांनी ऐकले नाही, आणि ते बरेच झाले. परिचारिकांना रोगी आडवाच दिसतो. तो उठून चालू लागला की घरी जातो आणि पुन्हा दिसत नाही. रात्रपाळीची परिचारिका नुकतीच कामावर येत होती. तिने पुडा बाजूस ठेवला, बंधूंकडे आपादमस्तक पाहिले आणि म्हणाली, “काका, तुम्ही इतके उंच आहात?”