आधी वेळ, मग हॉस्पिटल

अमरगोळ हुबळी आणि धारवाडच्या मधे आहे. एका बाजूला विद्यानगरचं किम्स. १९५७ मध्ये कर्नाटक मेडिकल कॉलेज म्हणून ते सुरू झालं. आता त्याचं नाव कर्नाटक मेडिकल कॉलेज अँड रिसर्च इन्स्टिट्यूट झालंय, पण रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळे अजून किम्सच म्हणतात. दुसऱ्या बाजूला, धारवाडच्या रस्त्यावर, सत्तूरचं एसडीएम मेडिकल कॉलेज. शेजारच्या नवनगरात कर्करोगाची संस्था, धारवाडात जिल्हा रुग्णालय, आणि दोन्ही शहरांत अस्थिरोगतज्ज्ञांची खासगी हॉस्पिटलं. त्यात आमच्या मराठी घरांना बेळगाव, मिरज आणि पुणंही परकं वाटत नाही. एवढं सगळं हाताशी असूनही मला सतत एकच प्रश्न विचारला जातो : "हाडांचं चांगलं हॉस्पिटल कुठलं हो?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झाल्यावर, प्लास्टर निघाल्यावर माणूस माझ्याकडे येतो. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतले गुडघे, खुबे, कोपरं, मनगटं माझ्या टेबलावर येतात. कोणता निर्णय वेळेत झाला आणि कोणता रेंगाळला, हे त्या सांध्याला हात लावल्यावर कळतं. तरीही या प्रश्नाला मी हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. मी उलट विचारते, "काय झालंय आणि कधी झालंय?" कारण अमुक हॉस्पिटल चांगलं की वाईट, हे तुमच्या हाताशी किती वेळ आहे यावर ठरतं. काही दुखण्यांत तास मोजायचे असतात, काहींत दिवस, तर काहींत चांगले सहा महिने विचार करायला मिळतात. नातेवाइकांची गल्लत इथेच होते. तासांच्या दुखण्यात ते ओळखीपाळखी काढत बसतात आणि महिन्यांच्या दुखण्यात पहिल्या भेटीतच ऑपरेशनची तारीख घेऊन येतात.

आधी तासांचं दुखणं. गब्बूर ते नरेंद्र हा आमचा बायपास वर्षानुवर्षं दुपदरीच राहिला. जानेवारी २०२१ मध्ये इटिगट्टीजवळ दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची गाडी याच रस्त्यावर टिप्परवर आदळली आणि त्यातल्या कितीतरी जणी गेल्या. अशा अपघातात मांडीचं हाड मोडलं, तर आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकतं, आणि मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं पाचेक लिटर. बाहेर थेंब दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात आणि तेवढ्यात माणूस पांढराफटक पडतो. त्या वेळी रक्तपेढी, सीटी स्कॅन, चोवीस तास हजर असणारा भूलतज्ज्ञ आणि डोकं, पोट, छाती बघणारे सर्जन एकाच छपराखाली असलेलं जवळचं हॉस्पिटल गाठायचं. ते बहुतेक वेळा मेडिकल कॉलेजचंच असतं. तिथे गर्दी असते, खाटेशेजारी खाट असते, हे खरं. पण रक्ताची पिशवी आणि सर्जन मध्यरात्रीही मिळतात. खासगी खोलीचा विचार जीव वाचल्यावर करता येतो.

तिथवर पोचेपर्यंत काय करायचं, याचा धडा पहिल्या महायुद्धानं दिला. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी पाय ताणून स्थिर ठेवणारी एक साधी लोखंडी चौकट बनवली होती. त्यांच्या पत्नीचे भाचे रॉबर्ट जोन्स यांनी ती रणांगणावर पोचवली. गोळी लागून मांडी मोडलेल्या सैनिकांतले सुमारे ८० टक्के आधी दगावत. चौकट आल्यावर हा आकडा २० टक्क्यांच्या आसपास आला. ऑपरेशनच्या आधी, नुसता पाय न हलू दिल्यानं. म्हणून मोडलेला पाय फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधा आणि १०८ला फोन करा. हाड बाहेर आलं असेल तर स्वच्छ कापडानं झाका. हळद, कॉफीपूड काही भरू नका आणि हाड आत ढकलू नका. पोलिसांच्या भीतीनं मागे राहू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं १३४ अ हे कलम मदत करणाऱ्याला संरक्षण देतं आणि नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५पासून केंद्र सरकारची रोकडरहित उपचारांची योजनाही लागू झाली आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला नेमलेल्या हॉस्पिटलांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात मिळतात. दाखल करताना तिच्याबद्दल विचारा.

तासांच्याच हिशेबातलं आणखी एक दुखणं आहे आणि ते मला फार अस्वस्थ करतं. पेरूच्या झाडावरून पडून एखाद्या मुलाचं कोपर मोडतं, कुणीतरी हाडवैद्याकडे नेतं, कामट्या लावून पट्टी करकचून आवळली जाते. आतले स्नायू सुजतात, त्यांना पसरायला जागा राहत नाही आणि काही तासांत त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. रिचर्ड फोल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ मध्ये याचा परिणाम लिहून ठेवला. असा हात माझ्याकडे येतो तेव्हा बोटं आत वळलेली असतात. मनगट खाली वाकवलं की ती उघडतात. मनगट सरळ करताच पुन्हा मिटतात. स्नायू आखडून दोरीसारखा झालेला असतो. मग वर्षभर व्यायाम केला तरी पूर्वीचा हात परत मिळत नाही. हाडवैद्यांबद्दल माझ्या मनात आकस नाही. ज्या थॉमस यांची चौकट आज जगभर वापरतात, ते स्वतः हाडवैद्यांच्याच घराण्यातले होते. फक्त एवढं सांगते : पट्टी कुणीही बांधलेली असो, अगदी मोठ्या हॉस्पिटलातलं प्लास्टर असो, मुलाची बोटं हलकेच सरळ करून बघा. तो कळवळला, बोटं बधिर किंवा गार वाटली, दुखणं गोळ्यांना न जुमानता वाढत गेलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटलात जाऊन पट्टी पूर्ण सोडायला सांगा.

आता दिवसांचं दुखणं. दिवाळीत माझ्या मनात पहिली काळजी असते न्हाणीघराची. पहाटेचा अंधार, अंगाला तेल, फरशीवर उटण्याचा चिकटा आणि सत्तरीच्या पुढची आजी. ती घसरते, उठता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो. हे खुब्याचं फ्रॅक्चर. घरचे म्हणतात, "या वयात ऑपरेशन कशाला? सण होऊ दे, मग बघू." पण वय झालेलं असतं म्हणूनच ऑपरेशन लवकर लागतं. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची छाती कफानं भरते, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी धरतात. या फ्रॅक्चरनंतर वर्षभरात साधारण पाचातला एक, काही ठिकाणी तिघांतला एक माणूस दगावतो, असं जगभरातले अभ्यास सांगतात. आणि त्यातले पुष्कळ या पडून राहण्यामुळे जातात. म्हणून तब्येत परवानगी देत असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन व्हावं, हा आज सर्वमान्य नियम आहे.

या दोन दिवसांत हॉस्पिटल निवडताना सर्जनच्या नावाआधी तीन गोष्टी विचारा. हृदय, साखर आणि किडनी बघणारा फिजिशियन आजच येऊन बघेल का? ऑपरेशन कधी होईल आणि उशीर होणार असेल तर कशासाठी? आणि आजीला खाटेवरून उठवून उभं कोण करणार, कितव्या दिवशी? माझ्या दृष्टीनं तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. स्क्रू, रॉड किंवा नवा बॉल बसवण्याचं काम बहुतेक ठिकाणी चांगलं होतं. फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. जिथे वॉकर खाटेशी येतो आणि दोघं मिळून आजीला दोन पावलं चालवतात, तिथली आजी महिन्याभरात स्वतः न्हाणीपर्यंत जाते. जिथे "आराम करा" एवढंच सांगून घरी पाठवतात, तिथून ती माझ्याकडे येते तेव्हा मांडीचा स्नायू काठीएवढा झालेला असतो आणि पडण्याची भीती मनात घर करून बसलेली असते. जिना नको, प्रवास नको, अशा त्या वयात हे उठवणं-चालवणं घराजवळच्या हॉस्पिटलात जमतं. तेव्हा खुब्यासाठी पुण्याची गाडी पकडू नका.

उरलं महिन्यांचं दुखणं, म्हणजे झिजलेला गुडघा. इथे घाई करायचं काहीच कारण नाही. वजन थोडं उतरवा, मांडीचा स्नायू बळकट करा, काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरा. कित्येकांचं ऑपरेशन यानं वर्षानुवर्षं पुढे जातं, काहींना लागतच नाही. आडवं निजवून काढलेला एक्स-रे दाखवून कुणी तारीख देत असेल तर उभ्यानं काढलेला मागा. अंगाचा भार पडल्यावरच सांध्यातली फट खरी किती उरली ते दिसतं. रात्रीची झोप मोडू लागली, घरात चालणंही नकोसं झालं, तर मात्र सांधेबदल हा फार चांगला उपाय आहे आणि त्याला भिऊन वर्षं घालवू नयेत.

या ऑपरेशनसाठी हवं तितकं फिरा, दुसरा सल्ला घ्या. सर्जन वर्षाला किती गुडघे करतात, जंतुसंसर्ग झाला तर पुढे काय करतात, बसवणार तो सांधा कुठल्या कंपनीचा, हे मोकळेपणानं विचारा. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर डिस्चार्ज कार्डावर लावून घ्या. पंधरा वर्षांनी तो पुन्हा बदलायची वेळ आली तर त्यांची गरज पडते. पैशांचंही विचारा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली : साधा कोबाल्ट-क्रोमचा गुडघा ५४,७२० रुपये, टायटॅनियमसारख्या खास धातूचा ७६,६०० रुपये, कर वेगळा. हे आकडे पुढे थोडेफार बदलत गेले, पण मर्यादा आहे हे माहीत असलं की बिलातली सांध्याची ओळ वेगळी काढून वाचता येते. आपल्या राज्यात खासगी हॉस्पिटलांना २००७च्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि दरपत्रक लावावं लागतं. ते मागणं हा उद्धटपणा नाही. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत आपलं कार्ड कुठे चालतं, तेही आधीच बघून ठेवा.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडचे पुष्कळ लोक मिरजेला, पुण्याला जातात. त्यामागे मोठी परंपरा आहे. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं ते १८९४ साली. पुण्यात डॉ. के. एच. संचेतींनी १९६५ मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल तर घराघरांत ठाऊक आहे. बहीण तिथे राहते, डॉक्टरांशी आपल्या भाषेत बोलता येतं, ही कारणंही खोटी नाहीत. पण ऑपरेशन दोन तासांचं असतं आणि गुडघा वाकवायचं काम पुढे दीड-दोन महिने चालतं. नव्वद अंश वाकला तर खुर्चीतून नीट उठता येतं, जिना चढता येतो. सत्तरवर अडकलेला गुडघा घेऊन माणसं माझ्याकडे येतात तेव्हा हुबळी-धारवाडमधल्या आमच्या चिगरी बसनंच येतात, कारण तिथे फलाट आणि बसचा मजला एका पातळीत आहेत. साध्या बसची पायरी त्यांना चढवत नाही. अशा गुडघ्याची कोनमापकानं नोंद घेताना मी विचारते, "टाके निघाल्यावर कुणाला दाखवलंत?" बहुतेकदा उत्तर येतं की परत जाणं जमलं नाही. तेव्हा लांब जायचं असेल तर टाके निघेपर्यंत तिथेच राहा, आणि घराजवळच्या फिजिओथेरपिस्टच्या नावानं काय चालेल, काय चालणार नाही, हे सर्जनकडून लिहून आणा.

लांब जायलाच हवं अशीही दुखणी आहेत. हाड कित्येक महिने जुळलेलंच नाही, त्यात पू झालाय, मधला तुकडा गेलाय, अशा वेळी हेच काम रोज करणाऱ्याकडे जावं. सायबेरियातल्या कुर्गानच्या इलिझारोव्ह यांनी कडी आणि तारांच्या चौकटीनं हाड दिवसाला एक मिलिमीटर वाढवायची पद्धत शोधली. आपल्या भागात ती रुजवण्यात मिरजेच्या डॉ. जी. एस. कुलकर्णींचा मोठा वाटा आहे. दुसरं दुखणं हाडाच्या गाठीचं. वाढत्या वयाच्या मुलाचा गुडघा रात्री ठणकतो, सूज वाढत जाते आणि घरचे "खेळताना लागलं असेल" म्हणत मालीश करत राहतात. मालीश थांबवून एक्स-रे काढा. गाठ असल्याचा संशय आला, तर तपासणीसाठी तिचा तुकडा कुठेही काढू देऊ नका. पुढचं ऑपरेशन जे करणार, त्यांनीच तो छेद द्यायचा असतो. चुकीच्या जागी दिलेल्या छेदामुळे वाचू शकणारा पाय गमवावा लागू शकतो. नवनगरची संस्था किंवा मुंबईचं टाटा, असा रस्ता पहिल्या दिवसापासून धरावा.

दिवाळीत सगळं घर एकत्र येतं. फराळाच्या वेळी तेवढं एक ठरवून टाका : रात्री-बेरात्री अपघात झाला तर कुठे जायचं, आजी पडली तर कुणाला फोन करायचा, आरोग्य कार्ड आणि औषधांची यादी कुठल्या कप्प्यात आहे. न्हाणीत रबरी चटई घाला, भिंतीला धरायला दांडी बसवून घ्या. सुतार अर्ध्या दिवसात ते काम करतो. ज्यांच्या घरी हे आधी ठरलेलं असतं, त्यांचे रुग्ण माझ्याकडे लवकर येतात आणि लवकर बरे होऊन जातात. हे मी रोज बघते, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते आहे.