मी खोडलेले एक वाक्य

तीन वर्षांपूर्वी लोहाच्या गोळ्यांविषयीच्या एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद मी केला. ‘या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्यात भिण्यासारखे काही नाही,’ असे एक वाक्य त्यात होते. हे मासिक घरातील लहानथोर सारेच वाचतात, तेव्हा असले वर्णन अप्रशस्त दिसेल, असे ठरवून मी ते खोडले. ‘रक्ताल्पता’ या शब्दासाठी मात्र अर्धा दिवस खर्ची घातला. ‘पांडुरोग’ पोथीतला वाटला, ‘रक्तक्षय’ म्हणताच मनात क्षयाची भीती उभी राहते; अखेर ‘अंगात रक्त कमी असणे’ हेच घरगुती शब्द ठेवले.

पुढे तोच विकार मला जडला. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आमच्या घराचा जिना पंधराच पायऱ्यांचा. पण तो चढल्यावर कठड्याला धरून उभे राहावे लागे. सासूबाई म्हणत, ‘ऊन बाधले.’ गोलबाजारातून रोज लालभाजी येऊ लागली. लालभाजीत लोह असते हे खरे. पण तिचा लाल रंग लोहाचा नव्हे, आणि पालेभाजीतील लोह शरीर फार थोडे शोषून घेते. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.६ निघाले; गरोदर नसलेल्या स्त्रीला ते निदान १२ हवे. मी काही एकटी नव्हे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात छत्तीसगडमधील १५ ते ४९ वर्षांच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ६१ जणींना हा विकार आढळला होता.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी शौचाचा रंग काळा झाला. पोटात रक्तस्राव होत असावा, या भीतीने माझी झोप उडाली. त्यात जळजळ आणि बद्धकोष्ठ. ज्या वाक्याने धीर आला असता ते, स्वतःच खोडलेले म्हणून की काय, मला आठवलेही नाही. बाटली मी साड्यांच्या घडीमागे दडवली आणि कोणाला काही बोलले नाही.

महिन्याने हिमोग्लोबिन ८.७ भरले. ‘गोळ्या नियमित घेतल्यात?’ ‘हो,’ मी म्हणाले. बाईंच्या कपाळाला आठी पडली. लोह देऊनही रक्त वाढत नाही, म्हणजे आत कोठे रक्त जाते आहे का, सिकलसेलसारखा रक्ताचा दुसरा दोष आहे का, हे पाहणे भाग होते. आमच्या प्रांतात सिकलसेल पुष्कळ आढळतो. त्यांनी तपासण्या लिहिल्या. त्यांत घशातून पोटात नळी घालून पाहण्याचीही एक होती. तेव्हा मात्र माझा धीर सुटला व मी खरे सांगितले.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘गोळी लागू पडली नाही आणि गोळी पोटात गेलीच नाही, ही दोन्ही कागदावर सारखीच दिसतात.’ मग मासिक स्रावाविषयी त्यांनी विचारले; तेही मी प्रथमच मोकळेपणाने सांगितले. सिकलसेलची तपासणी तेवढी झाली. दोष निघाला नाही. काळा रंग लोहाचाच. शौच डांबरासारखे चिकट व दुर्गंधीयुक्त असेल तर मात्र लगेच यावे, असे त्यांनी बजावले. गोळी आता एक दिवसाआड, रात्रीच्या हलक्या जेवणानंतर, लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायची. तिच्या मागेपुढे दोन तास चहा, दूध वा कॅल्शियमची गोळी नाही. चहाचा नियम मला सर्वांत जड गेला, हे कबूल करते.

महिन्याभराने जिना सोपा झाला आणि गोळ्या सोडण्याचा मोह पुन्हा झाला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ आले, तरी शरीरातील साठा भरावा म्हणून बाईंनी आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवल्या. बाटली आता साड्यांमागे नसते. उंच फळीवर, कुलपात असते, कारण घरात पुतण्या लहान आहे आणि या गोळ्या मुठीने खाल्ल्यास मुलाच्या जिवावर बेतते.

तो जुना अनुवाद पुन्हा छापावयाचा आहे. खोडलेले वाक्य मी परत घातले. मुद्रिते घरी वाचत बसले असता सासूबाईंनी नेमके त्याच ओळीवर बोट ठेवले. ‘अगं,’ त्या म्हणाल्या, ‘मलाही बाळंतपणाच्या वेळी अशाच गोळ्या दिल्या होत्या. मी त्या परसात पुरल्या.’