न उडण्याचें मोल

स्वतःचें घर आणि भाड्याचें बिऱ्हाड यांत अधिक फायद्याचें कोणतें, हा वाद आपल्या लोकांत फार जुना आहे. तो सोडविण्यासाठीं हिशेबाची वही उघडली जाते खरी, पण निकाल बहुधा वहीबाहेरच लागतो. घराच्या जागीं चार जणांच्या बैठकीचें लहानसें विमान घातलें, म्हणजे हाच वाद किती चमत्कारिक वळण घेतो याचा अनुभव मला अलीकडे येत आहे. मी अमेरिकेंत ओहायो राज्यांत राहतों. विमान चालविण्याचा खासगी परवाना मिळून मला कांहीं वर्षें झालीं, आणि आजवर मी भाड्याच्याच विमानांतून उडत आलों. ज्या मैदानावरून मी उडतों तेथेंच माझ्या एका वयोवृद्ध मित्राचें स्वतःचें विमान असतें. "लोकांच्या घोड्यावर किती दिवस बसणार? एक घेऊन टाका," असा त्यांचा मला नेहमींचा आग्रह.

हें विमान म्हणजे कुबेराचें पुष्पक नव्हे. सेसना १७२ या नांवाचें तें एका इंजिनाचें साधें यंत्र आहे. त्याचा पहिला नमुना १९५५ सालीं उडाला, आणि तेव्हांपासून आजपर्यंत या जातीचीं ४४,००० हून अधिक विमानें तयार झालीं. इतकीं दुसऱ्या कोणत्याही जातीचीं झालेलीं नाहींत. १९८६ सालीं त्यांची निपज बंद पडली. अपघातांनंतर कारखानदारावर होणाऱ्या नुकसानभरपाईच्या दाव्यांचा बोजा हें कंपनीनें त्याचें मुख्य कारण सांगितलें. १९९४ सालीं अमेरिकन सरकारनें कायदा करून अठरा वर्षांहून जुन्या लहान विमानांबद्दलची कारखानदाराची जबाबदारी मर्यादित केली, तेव्हां कुठें १९९६ सालीं हें काम पुन्हां सुरू झालें. त्यामुळें माझ्यासारख्याच्या आटोक्यांत येणारें विमान पुष्कळदां घेणाऱ्याच्या मुलांहून वयानें वडील असतें.

आतां वही उघडूं. भाड्याचा हिशेब सरळ आहे. इंजिन चालेल तितक्या वेळाचे पैसे मोजावयाचे. पुष्कळ ठिकाणीं पेट्रोलही त्यांतच येतें. मालकाचे खर्च मात्र दोन जातींचे. हँगरचें भाडें, विम्याचा हप्ता आणि कायद्यानें दर बारा महिन्यांनीं करावी लागणारी तपासणी हे खर्च तुम्ही उडा अगर न उडा, चुकत नाहींत. उडालांत तर ताशीं आठनऊ गॅलन पेट्रोल, तेल, आणि शिवाय इंजिनासाठीं बाजूस टाकावयाची रक्कम. कारण सुमारें २,००० तासांनंतर तें संपूर्ण उकलून नवें करावें, अशी कारखान्याची शिफारस असते. समजा, न चुकणारा खर्च वर्षाला १२,००० डॉलर आहे, उडण्याचा खर्च ताशीं ८० डॉलर आहे आणि तेंच विमान भाड्यानें ताशीं १८० डॉलरांस मिळतें. म्हणजे दर तासामागें मालकाचे शंभर डॉलर वांचतात, आणि वर्षाकांठीं १२० तास उडल्यावांचून त्याची भाडेकऱ्याशीं बरोबरी होत नाहीं. विमानाच्या खरेदींत अडकलेल्या भांडवलाचें व्याज तर मीं यांत धरलेलेंच नाहीं.

वर्षाला १२० तास म्हणजे महिन्याला दहा. ऐकावयास हें थोडें वाटतें. पण ओहायोच्या हिंवाळ्यांत ढगांत शिरलें कीं पंखांवर बर्फ धरतें, आणि आठवड्यांमागून आठवडे आकाश राखाडी राहतें. नोकरी आहे, संसार आहे. आणि उभें राहिलेलें विमान सुखानें उभें राहतें असेंही नाहीं. या विमानांत पुष्कळदां असणाऱ्या लायकमिंग इंजिनाचा कॅमशाफ्ट वरच्या अंगास बसविलेला असतो. इंजिन फार दिवस बंद राहिलें म्हणजे त्यावरचें तेल खालीं उतरतें आणि दमट हवेनें तो गंजूं लागतो. दारीं हत्ती झुलविणाऱ्याला निदान हत्ती रोज दिसतो तरी. येथें हँगरचें दार लावून घ्यावयाचें आणि आंत काय चाललें असेल याची घरीं बसून काळजी करावयाची.

वही उघडण्याची ज्यांना गरज नाहीं, त्यांचीही गोष्ट फारशी निराळी नाहीं. वॉरन बफेट या सुप्रसिद्ध धनिकानें कंपनीसाठीं घेतलेल्या विमानाला 'इन्डिफेन्सिबल', म्हणजे ज्याचें समर्थन करतां येत नाहीं तें, असें नांव स्वतःच ठेविलें होतें. १९९५ सालीं तो विमानांचे हिस्से विकणाऱ्या नेटजेट्सचा गिऱ्हाईक झाला, आणि १९९८ सालीं त्याच्या बर्कशायर हॅथवेनें ती कंपनीच विकत घेतली! सबंध विमानापेक्षां विमानाचा हिस्सा बरा, हें कोट्यधीशांनाही पटतें तर.

तेव्हां वहीचा निकाल भाड्याच्या बाजूनें लागला. पण वहींत न बसणारी एक बाब गेल्या शरद ऋतूंत माझ्या ध्यानांत आली. भाड्याचें विमान घेऊन आम्ही उभयतां इंडियाना राज्यांत एका स्नेह्यांकडे गेलों होतों. रविवारीं संध्याकाळपर्यंत विमान परत करावयाचें होतें. सोमवारीं सकाळीं तें दुसऱ्या कोणाला दिलेलें होतें. दुपारीं ढग खालीं उतरूं लागले. मीं दूरध्वनि केला, तेव्हां पलीकडील गृहस्थ सौजन्यानेंच बोलले. परंतु मुक्काम वाढला तर दिवसामागें किमान तीन तासांचें भाडें पडेल आणि उद्यांच्या गिऱ्हाइकाची गैरसोय होईल, हें सांगावयास ते विसरले नाहींत. मी एकदां आकाशाकडे आणि एकदां मनगटाकडे पाहूं लागलों. तेव्हां आमच्या मंडळी म्हणाल्या, "ढग बघून काय तें ठरवा, घड्याळ बघून नको." आम्ही राहिलों, आणि तीन तासांचे पैसे भरले. परंतु ज्या भाड्याला मी स्वस्त समजत होतों, तें अशा वेळीं माणसाला ढगांत ढकलूं पाहतें, हें मला त्या दिवशीं समजलें.

मालकाला ही घाई नसते. विमान तेथेंच दोरांनीं बांधून तो मोटारीनें घरीं येऊं शकतो. पण त्याची परीक्षा दुसरीकडे आहे. विमानशाळेंत शिकवणीसाठीं वापरलेल्या विमानाची दर १०० तासांनीं तपासणी करावी लागते, आणि कांहीं संशय आला तर किल्ली हातीं न देणारा माणूस तेथें बसलेला असतो. खासगी मालकाची किल्ली त्याच्याच खिशांत असते. २,००० तास उलटलेलें इंजिन उकललेंच पाहिजे, अशी कायद्याची त्याच्यावर सक्ति नाहीं. आजच्या दिवशीं उडूं नका, असें त्याला सांगणारा तो स्वतःच. आणि सांगणाऱ्यानें वर्षाचा सारा खर्च आधींच भरून ठेवलेला!

माझे मित्र या परीक्षेंत कसे उतरतात तें मीं पाहिलें आहे. गेल्या वसंतांत नातीच्या पदवीदान समारंभाला ते विमानानें निघाले होते. उड्डाणापूर्वीं एकेका मॅग्नेटोवर इंजिन चालवून पाहतां एकीवर फेरे वाजवीपेक्षां अधिक उतरले. त्यांनीं पुन्हां एकदां पाहिलें, इंजिन बंद केलें, विमान ढकलून आंत ठेविलें आणि कांहीं न बोलतां मोटारींत जाऊन बसले. वाट सहा तासांची होती. समारंभ त्यांना मिळाला नाहीं.

तेव्हांपासून मी हिशेब उलटा मांडूं लागलों आहे. विमानाचा खरा दर उडलेल्या तासावर ठरत नाहीं. 'आज नको' म्हणण्याला किती पडतें, यावर तो ठरतो. भाडेकऱ्याला तें आकाश बिघडल्यावर महाग पडतें, मालकाला यंत्र बिघडल्यावर. ज्या व्यवस्थेंत हा शब्द उच्चारणें सर्वांत सोपें, तीच आपल्याला परवडणारी. बाकीची काटकसर कुटुंबाच्या जिवावर केलेली असते.

अशी व्यवस्था नवी नाहीं. अनेकांनीं मिळून विमान ठेवावें, ही चाल विमानविद्येच्या बाल्यापासूनची आहे. जे. आर. डी. टाटा यांना १९२९ सालीं हिंदुस्थानांतला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईच्या फ्लाइंग क्लबांत शिकून. चौघे मालक झाले म्हणजे न चुकणारा खर्च चार ठिकाणीं वांटला जातो, विमान फार दिवस उभें राहत नाहीं, आणि एका रात्रीचा मुक्काम वाढल्यास बाकीच्या तिघांना समजावून सांगतां येतें. पांचांमुखीं परमेश्वर म्हणतात; चौघांमुखीं निदान एक शहाणा सांपडावा, अशी माझी आशा आहे.

हा विचार मीं मित्रांपुढें मांडला, तेव्हां ते बराच वेळ गप्प राहिले. पुढें एके दिवशीं आपणहून म्हणाले, "नवें कशाला शोधतां? माझेंच घ्या. चौथा हिस्सा मला ठेवा." तीस वर्षें जें विमान एकट्याचें होतें, त्याबद्दल हें बोलणें त्यांना सोपें गेलें नसावें. करारनाम्याचा मसुदा मीं लिहिला. चौघांपैकीं कोणीही एकानें 'विमान उडूं नये' म्हटलें, तर मेकॅनिक पाहीपर्यंत तें उडणार नाहीं आणि म्हणणाऱ्यानें कारण सांगण्याची जरूर नाहीं, असें एक कलम त्यांत आहे. त्याला ते हरकत घेतील अशी मला धास्ती होती. त्यांनीं चष्मा लावून तें दोनदां वाचलें, आणि "हें सर्वांत वर घाला," एवढेंच म्हणाले.