छपरातल्या पाणवाटा

वळवाच्या दोन सरी येऊन गेल्या की आगोटीची कामं डोळ्यांपुढे उभी राहतात. गच्चीवरचे पाइप मोकळे करायचे, सज्ज्यावरची माती खरवडायची, गावी कौलं चाळायला माणूस मिळाला का म्हणून फोन करायचा. गाडी घेतल्यापासून माझ्या आगोटीत आणखी एका कामाची भर पडली आहे आणि ते मला बाकी सगळ्यांपेक्षा प्रिय आहे. सनरूफच्या पाणवाटा साफ करणं.

सनरूफची काच आणि तिच्या कडेचं रबर मिळून पाऊस बाहेर थोपवतात, असा सर्वसाधारण समज. पण थोडं पाणी आत शिरणारच, हे गाडी आखणाऱ्याने आधीच मान्य केलेलं असतं. म्हणून काचेखाली कडेकडेने उथळ पन्हळ असते. पन्हळीच्या कोपऱ्यांत भोकं आणि भोकांना बोटाहून बारीक नळ्या. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांच्या पोटातून उतरतात, मागच्या दोन मागच्या खांबांतून. भर पावसात आपण स्टिअरिंग धरून बसलेलो असतो, तेव्हा हातभर अंतरावरून हे पाणी मुकाट्याने खाली जात असतं. या रचनेचं मला फार अप्रूप आहे. राजापूरच्या आमच्या कौलारू घराचीही रीत हीच होती. पावसाशी झुंजायचं नाही, त्याला अंगावरून उतरवून द्यायचं.

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर १ लिटर पाणी. अर्ध्या चौरस मीटरच्या काचेवर तासाभरात २० मिलिमीटर कोसळला, तर झाले १० लिटर. त्यातलं बहुतेक छपरावरून परस्पर वाहून जातं. पण कडेने झिरपणाऱ्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर पन्हळ काठोकाठ भरते आणि छताच्या अस्तरात सांडते. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. तिथे रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांची मला खरंच काळजी वाटते.

वाट तुंबली की गाडी सांगते, पण हळू आवाजात. अस्तराच्या पुढच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग उमटतो. आत कुबट वास धरतो. काचा आतून लवकर धुरकटतात. पायाखालची मॅट वरून कोरडी आणि तिच्या खालचं कार्पेट मात्र दाबलं की पाणी सोडतं. अनेक गाड्यांत त्याच कार्पेटखालून वायरिंग जातं, म्हणून हे ओलेपण दिसतं तितकं साधं नसतं. एसीची नळी तुंबली तरी डाव्या पुढच्या सीटपाशी असंच पाणी साठतं. गाडी बंद असताना, पाऊस पडून गेल्यावर ओल आली, तर नजर छताकडे वळवावी. एसी चालवल्यावर आली, तर डॅशबोर्डखाली.

तुंबवतं कोण? आमच्या सोसायटीच्या रस्त्यावर गुलमोहर आणि सोनमोहर आहेत. गुलमोहराचं एकेक पान हातभर लांब, पण ते शेकडो चिमुकल्या पानांचं बनलेलं. ती सुटी होऊन गळतात आणि काचेच्या फटीत अलगद शिरतात. वर उन्हाळ्याची धूळ, मग पहिल्या सरीचं पाणी. त्यांचा जो चिखल होतो, तो नळीच्या तोंडाशी घट्ट बसतो. ‘फांद्याच छाटून टाका’ असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं की मी कडाडून विरोध करते. वैशाखात गाडीवर सावली धरणाऱ्या झाडाने थोडा पातेरा टाकला, तर तो उचलण्याचं काम आपलं.

काम सकाळी, सपाट जागेवर, इंजिन बंद करून. काच पूर्ण मागे सरकवायची, पन्हळीतला कचरा आधी ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा. तो भोकाकडे लोटायचा नाही. मग कोपऱ्यात अर्धा कप पाणी, अगदी सावकाश. गेलं तर उत्तम. थांबलं तर आणखी ओतू नये, ते आतच जाईल. अशा वेळी गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घ्यावी, दोनेक मिलिमीटर जाडीची. टोक लायटरने किंचित वितळवून गोल करायचं, म्हणजे नळीला ओरखडा जात नाही. दोरी आत सोडायची, अडली की चिमटीत फिरवायची, थोडी मागे घ्यायची, पुन्हा सोडायची. जोर मुळीच लावायचा नाही. इलेक्ट्रिशियनची वायर ओढायची स्प्रिंग किंवा ताठ तार यासाठी नको. नळी फाटते किंवा जोडातून निसटते. पंक्चरच्या दुकानातली जोरदार हवाही नको. खांबाच्या आत नळी सुटली, तर बाहेरून काही कळत नाही आणि सगळं पाणी गाडीतच उतरतं. खांबाचं आवरण घरी उचकटू नये. पुष्कळ गाड्यांत त्याच्यामागे एअरबॅग असते.

खाली कोणीतरी बघणारं लागतं. आमच्याकडे ते काम आईचं. पुढचं दार उघडून, बिजागरीपाशी टॉर्च मारून ती स्टुलावर बसते. आमच्या गाडीची पुढची नळी तिथे सुटते. दुसऱ्या गाडीत ती आणखी कुठे सापडेल. नळीच्या टोकाला रबराची चपटी, चीर असलेली टोपी आहे. चिखल वाळला की तिचे ओठ चिकटून बसतात. आईने ते बोटांत धरून जरा चोळले, मी वरून दोरी फिरवली आणि काळा लगदा बाहेर आला. त्यात गुलमोहराचं एक चिमुकलं पान होतं, नखाएवढं, काळपट पडलेलं, पण मधली शीर शाबूत. त्यामागून तपकिरी पाणी, मग गढूळ, मग स्वच्छ. “आलं गो, आलं!” आई ओरडली. गावच्या घरी पन्हळ वाहती झाली की तिचा आवाज असाच चढायचा.

मागची भोकं आमच्या गाडीत काच सरकवूनही दिसत नाहीत. ती गॅरेजवाल्याकडूनच साफ करून घेते, कारण अस्तर उतरवायला सरावाचा हात हवा. रबर मात्र मी स्वतः पुसते आणि सिलिकॉनचं ग्रीस बोटाने लावते. पेट्रोलियम जेलीने रबर फुगून खराब होऊ शकतं. त्याच बैठकीत वायपरखालच्या जाळीतली पानं काढते आणि दारांच्या खालच्या कडेची भोकं काडीने मोकळी करते. तीही पाण्याचीच दारं.

शेजारच्या काकूंची गाडी त्याच गुलमोहराखाली उभी असते. काल दार उघडं होतं, तेव्हा अस्तराच्या कोपऱ्यात डाग दिसला. त्यांना तो कॉफी सांडल्याचा वाटत होता. उद्या ऊन चढायच्या आत त्यांची काच उघडायची ठरली आहे. दोरी आहेच, आईनेही स्टूल बाहेर काढून ठेवलंय.